सात नंबरचा रस्ता, हुडकेश्वरहून

१७ ऑगस्ट, रविवार

रोहितनं पुण्याहून पाठवलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटात पडून होती. सून काजल परवा फोनवर म्हणाली, बाबा, काही लिहिता की नाही? म्हटलं, लिहायला काही घडावं तर लागते ना बाप्पा. रिटायर माणसानं काय लिहायचं, आज भेंडीची भाजी केली?

आज घडलं. आज आम्ही बनारसला निघालो.

निघालो म्हणजे गाडीत बसलो. बायको पुष्पा वारल्यापासून आमची मारुती इथं नागपुरात, हुडकेश्वरच्या अंगणात, कडुलिंबाखाली उभी आहे. सेल्फ मारला तर नुसती कुरकुरते. संध्याकाळी काचा पुसायला गेलो आणि उगाच स्टिअरिंगवर जाऊन बसलो. तेवढ्यात शेजारच्या यमुताई फोडणीसाठी गोडनिंबाची फांदी मागायला आल्या. या पुष्पाच्या मैत्रीण. यजमान गेल्यापासून त्याही एकट्याच, मुलगा अपूर्व बंगलोरला असतो. मला गाडीत पाहून म्हणाल्या, "कुठं चालले भाऊजी?" मी आपलं बोलून गेलो, बनारसले. त्यांनी मागचं दार उघडलं, डाव्या कोपऱ्यात पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "चला मग. कामठीपर्यंत तरी सोडा."

हा रस्ता माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे. आमचं गाव मनसरजवळ, घर रस्त्याला लागून. शाळा सुटली की मी पुलियावर बसून ट्रकच्या मागं लिहिलेली गावं वाचायचो. बनारस, रीवा, जबलपूर इकडून, हैदराबाद, मदुराई तिकडून. एकच रस्ता, बनारसहून निघतो आणि नागपूरला भेटून पार कन्याकुमारीला समुद्रात पाय बुडवतो. मोटारी नव्हत्या तेव्हा बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य लादून याच वाटेनं दख्खनात उतरायचे, असं आमचे आजोबा सांगायचे. सरकारनं आता त्याचा नंबर बदलला. बदलू दे. आपण सात नंबरच म्हणणार. नोकरी सिंचन खात्यात केली, जन्म फायलीत गेला, आणि रस्ता राहून गेला. गाडी घेतली तीसुद्धा यासाठीच. पण पुष्पाला गाडी लागायची, वर्धा रोडवरच्या विमानतळापर्यंत गेलं तरी लिंबू लागायचं.

यमुताई मागं बसल्या हे बरं झालं. पुढची सीट पुष्पाची. तिथं आता छत्री, पाण्याची बाटली आणि नकाशा असतो. दुसऱ्याच्या घरच्या बाईमाणसानं मागंच बसावं, आणि त्यांना ते सांगावं लागलं नाही. समंजस बाई आहे.

कन्हान नदीपर्यंत गेलो. मग कुकर लावायचा म्हणून त्या उतरल्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज गाडीत भांडण.

यमुताई म्हणतात, आधी कन्याकुमारी करा. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. माहेर हिंगणघाटचं, लग्न होऊन याच रस्त्यानं नागपूरला आल्या आणि त्यापुढं रस्ता त्यांच्यासाठी संपला. यजमानांना प्रवासाचा कंटाळा. म्हणून दक्षिण आधी.

मी समजावलं की असं नसते. रस्त्याची सुरुवात बनारसला आहे, तर आधी तिथं जाऊन सुरुवातीपासून धरला पाहिजे. मधूनच धरला तर तो अर्धवट रस्ता. त्या म्हणाल्या, पण मग कन्याकुमारी कधी? मी म्हटलं, समुद्र काही पळून नाही चालला. त्यावर त्या खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या, म्हणजे आमच्या कंपाउंडच्या भिंतीकडे.

मनसरला पोहोचलो. पुलिया दाखवली.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. गल्लीतली पोट्टी लाकडाचे बैल ओढत दारोदार फिरली, बोजारा म्हणून सगळ्यांना चिल्लर दिली. चौकातला नत्थू मेकॅनिक आला होता. बॉनेट उघडून पाहिलं, म्हणाला, काका, बॅटरी गेली आणि सेल्फचं काम आहे. दोन दिवसांत करून देतो. मी म्हटलं, घाई नको करू गा, सणासुदीचे दिवस आहेत, सावकाश कर.

एक गोष्ट लिहून ठेवतो. आतला आरसा कोणीतरी फिरवला आहे. मागची काच दिसायच्या ऐवजी त्यात डाव्या कोपऱ्यातली सीट दिसते. नत्थूचंच काम. ज्या गोष्टीला हात लावायचं काम नाही तिला आधी हात लावतो. सरळ करून ठेवला.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपतीच्या मंडळाचा भोंगा सहा वाजता सुरू होतो, म्हणून काचा वर करून बसतो. आता क्रम ठरला आहे. मी आत चहा करतो, थर्मास भरतो, तोवर यमुताई येऊन आपल्या जागेवर बसलेल्या असतात. मी येतो, आरसा सरळ करतो आणि निघतो. आरसा रोज फिरलेलाच असतो. नत्थू तर आठवड्यात फिरकला नाही, तेव्हा हे बोक्याचं काम असावं. काच थोडी उघडी राहते, तिथून शिरत असेल.

आज खवासा ओलांडून कुरईचा घाट चढलो. दोन्ही बाजूंनी साग. मी घाट चढवताना गिअर टाकला, तर यमुताई म्हणाल्या, हळू हो, वळण आहे. खरंच पाय ब्रेकवर गेला. शिवनीला जेवलो. त्यांनी पुडाच्या वड्या आणल्या होत्या, काजल कोथिंबीर म्हणते तो सांबार भरपूर घातलेला. पुष्पा गेल्यावर पहिल्यांदाच खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. तेल जरा जास्त होतं, तसं सांगितलं.

समोरच्या पार्वतीबाई फाटकाशी येऊन विचारून गेल्या, "काहून जी मनोहरराव, गाडी चालत नाही तर बसता काहून?" मी म्हटलं, इंजिन गरम करून राहिलो.

११ सप्टेंबर, गुरुवार

जबलपूर. नर्मदेचा पूल.

सकाळपासून पाण्याची झड होती, अंगणात घोट्याएवढं पाणी साचलं होतं. मी म्हटलं, आली नर्मदा. यमुताईंनी काच खाली केली, कमरेच्या बटव्यातून नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि बाहेर टाकलं. डुबुक आवाज झाला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं, काय मागितलं? म्हणाल्या, सांगितलं तर नर्मदामाय देत नाही.

मी म्हटलं, तुम्हीसुद्धा कमाल करता, चांगला पैसा चिखलात टाकला.

आता पाणी ओसरलं आहे, नाणं तुळशीजवळ पडलेलं दिसते. उचलायला गेलो होतो, पण वाकता वाकता थांबलो. नदीतलं नाणं कोणी काढते का? राहू दिलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. दुपारी नत्थू आला, बॅटरी बसवली, सेल्फ मारला आणि गाडी एका दमात सुरू झाली. मला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही. नत्थू म्हणतो, काका, एक चक्कर मारून या. मी म्हटलं, बंद कर आधी. बॅटरी काढून ने, तुझ्याकडेच चार्जिंगला ठेव. तो डोळे मोठे करून पाहत राहिला. म्हटलं, पाहतो काय, ने.

संध्याकाळी यमुताईंनी विचारलं, नत्थू येऊन गेला का? मी सांगितलं, हो, पार्ट मिळत नाही म्हणतो, जुनी गाडी आहे.

खोटं बोललो हे खरं. पण विचार करा, गाडी खरंच चालू झाली तर सगळंच खरं करावं लागते. मग कुठे उतरायचं, एका गाडीतून दोघं कोण कोणाचे म्हणून सांगायचं, पार्वतीबाई काय म्हणतील, रोहित काय म्हणेल. आणि गेलोच, तर एक दिवस परतही यावं लागेल. मग संध्याकाळी काय करायचं? अशी जात असताना चांगली जाते. रीवा मागं पडलं आहे, मिर्झापूर आलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. गाडीला धुतलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. चालो न चालो, पूजा झाली पाहिजे. यमुताईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आपट्याची पानं दिली, मीही दिली.

आणि बनारसला पोहोचलो! गंगा पाहिली. रस्ता जिथून निघतो तिथं उभे राहिलो. मी हॉर्न वाजवायला गेलो, पण बॅटरी कुठं आहे. दोघंही हसलो.

मग मागून यमुताई म्हणाल्या, अपूर्वचा फोन होता. त्यानं बंगलोरला मोठा फ्लॅट घेतला आहे. दिवाळी झाली की येऊन घेऊन जाणार, इथलं घर भाड्यानं देणार. त्यांनीही हो म्हटलं, एकटं किती दिवस राहायचं.

आज गडबडीत आरसा सरळ करायचा राहिला होता, त्यामुळे त्या आरशात दिसत होत्या. माझ्याकडेच पाहून राहिल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, तुम्ही काही बोलले नाही भाऊजी. मी म्हटलं, बंगलोरची हवा चांगली आहे, उन्हाळा बाधत नाही.

हवा चांगली आहे हे खरंच आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

चार दिवस गाडीत बसलो नाही. त्यांच्याकडे आवराआवर, माझं कशात लक्ष नाही. उपमा दोनदा करपला.

आज कोजागिरी. त्या मसाला दूध घेऊन आल्या, मी म्हटलं, बसा. गाडीत बसल्या. मी जाहीर केलं की उद्यापासून दक्षिण. आता थांबायचं नाही, रोज दोन-दोन मुक्काम मारू, दिवाळीपर्यंत कन्याकुमारी करून टाकू. तुम्ही म्हणत होत्या ना, समुद्र.

त्या दुधाचा पेला हातात घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "समुद्र नाही पळून चालला भाऊजी. मीच चालली."

दूध थंड झालं. साय आली होती तीही काढली नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हिंगणघाट. आज गाडी मी चालवली, पण रस्ता त्यांनी सांगितला. इथं कापसाची गंजी लागायची, पोरी त्यावर चढून घसरायच्या. इथं मिल, तिचा भोंगा वाजला की आई भाकरी टाकायला घ्यायची. इथं आमचं घर. मी म्हटलं, उतरायचं का? त्या म्हणाल्या, नको, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.  त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता, पोरीसारखा.

मग विचारलं, "भाऊजी, गाडी खरंच चालली असती तर गेलो असतो का?"

मी म्हटलं, टायर फार घासले आहेत. हायवेवर असे टायर धोक्याचे. निदान पुढचे दोन तरी बदलावे लागले असते.

त्या हो म्हणाल्या.

आता वाटते, दुसरं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. काय ते सुचत नाही. टायर खरंच घासले आहेत. तुम्ही जाऊ नका असं म्हणावं तर मी कोण म्हणणारा? शेजारी. शेजाऱ्याचं कोण ऐकते? काहीतरी नातं पाहिजे, म्हणजे फोन करता येतो, सणाला बोलावता येते, कोणी बोट दाखवत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

सुचलं! इतके दिवस कसं सुचलं नाही, याचंच नवल वाटते.

मला सख्खी बहीण नाही. यमुताईंचा भाऊ मागेच वारला. गुरुवारी भाऊबीज आहे. मी आज गाडीत सांगून टाकलं की यमुताई, या भाऊबीजेला तुम्ही मला ओवाळा. आजपासून तुम्ही माझी बहीण. मग बंगलोर असो की लंका असो, दरवर्षी हक्कानं यायचं. आणि मीही येत जाईन, भाऊ बहिणीकडे जातोच.

मोठ्या उत्साहानं बोललो.  आरसा मी नेमका सरळ करून ठेवला होता, त्यात कंपाउंडचं फाटक दिसत होतं. म्हटलं, काय मग? त्या म्हणाल्या, "पाहू." आणि उतरल्या. त्यांचा डबा सीटवरच राहिला.

आनंदानं भरून आलं असेल.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

इतवारीतून साडी आणली, मोरपिशी. सकाळी अभ्यंग केलं, टोपी घातली, पाट मांडला, भोवती रांगोळीसुद्धा मीच काढली, वाकडीतिकडी. बसून राहिलो. दुपार झाली. पार्वतीबाई निरोप घेऊन आल्या, यमुताईंचं डोकं दुखून राहिलं, येत नाहीत.

भिंतीपलीकडे तर भांडी पॅक केल्याचा आवाज येत होता. डोकं दुखते तर भांडी कशी पॅक होतात? मला राग आला. एवढ्या मनानं बोलावलं, पाच मिनिटं येऊन ताट फिरवायला काय झालं होतं? माणसाची काही किंमतच नाही. पाट उचलून माळ्यावर टाकला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

गेल्या.

अपूर्व मोठी गाडी घेऊन आला होता. सामान टेम्पोनं आधीच गेलं. मी राग गिळून फाटकाशी गेलो, हातावर दहीसाखर दिली. साडी पुढं केली. म्हटलं, ओवाळलं नाही तरी घ्या, बहिणीची म्हणून आणली. त्यांनी घडीवरून हात फिरवला आणि परत माझ्या हातात ठेवली. "तुमच्याजवळच राहू द्या," म्हणाल्या. रंग आवडला नसेल.

अपूर्व डिक्की लावत होता. तेवढ्यात त्या हळूच बोलल्या.

"गाडी चालू झाली हे नत्थूनं मले दसऱ्याच्या आधीच सांगितलं होतं."

माझी मान खाली गेली. पार्टचं काय सांगितलं होतं ते आठवलं. म्हटलं, रागावल्या का?

"राग कायचा? तुम्ही केव्हा सांगता, वाट पाहून राहिली होती."

मग त्या गाडीत बसल्या. मागं, डाव्या कोपऱ्यात, सवयीनं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आता बुटीबोरी लागेल, मग जाम, मग हिंगणघाट. आमचाच रस्ता.

खोटं बोलायला नको होतं. त्याचंच वाईट वाटलं असेल त्यांना.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी चहा दोन कपांचा झाला.

यमुताईंचा फोन आला. सुखरूप पोहोचल्या. पैनगंगेवर नाणं टाकायचं होतं, पण एसीच्या गाडीत काच उघडू दिली नाही. म्हणाल्या, अपूर्वची गाडी भल्ली मोठी आहे, पण मागून काही दिसत नाही. मी म्हटलं, असं कसं, मोठ्या गाडीच्या खिडक्या मोठ्या असतात, रस्ता तर चांगला दिसायला पाहिजे. त्या मग म्हणाल्या, हो, रस्ता दिसला.

फोन ठेवला तरी ते डोक्यातून जाईना. रस्ता दिसला, तर दिसलं काय नाही?

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज त्यांचा राहिलेला डबा काढायला गाडीचं मागचं दार उघडलं. दिवसभर घर खायला उठलं होतं, म्हणून तिथंच बसलो, डाव्या कोपऱ्यात. या जागेवर मी कधी बसलोच नव्हतो. माझी गाडी आहे, मी काहून मागं बसेन?

आरसा पुन्हा फिरलेला होता. भाऊबीजेच्या आधी मी सरळ केला होता हे पक्कं आठवते. नत्थू आला नाही. बोका येतो म्हणावं, तर काचा त्या दिवसापासून बंद आहेत. जायच्या आधी कधीतरी, मी घरात रुसून बसलो होतो तेव्हा, त्या एकट्या येऊन गेल्या असल्या पाहिजेत.

मी समोर पाहिलं. या कोपऱ्यातून रस्ता दिसतच नाही. पुढच्या सीटची पाठ मधे येते. दिसतो फक्त आरसा, आणि आरशात चालवणाऱ्याची जागा. तिथं आता कोणी नव्हतं. नुसतं स्टिअरिंग आणि त्यामागं वाळलेला झेंडूचा हार.

ती दोन महिने इथं बसली, बनारसपर्यंत आली. घाट पाहिला नाही, पूल पाहिला नाही. आणि मी रोज येऊन आधी आरसा सरळ करायचो.

किती वेळ बसलो कोणास ठाऊक. रडलो. लिहायला लाज कशाची, रडलो. आणि मी तिला बहीण हो म्हटलं! पाट मांडून बसलो, टोपी घालून! पुष्पा असती तर डोक्याला हात लावून म्हणाली असती, तुम्हाले सगळं उशिराच समजते.

तोंड धुतलं आणि फोन लावला. अपूर्वनं उचलला. म्हणाला, काका, आई खाली बागेत गेली आहे, काही निरोप आहे का?

म्हटलं, यमुनाले सांग, गाडी चालू झाली.

"यमुनाला?" त्यानं विचारलं. आईला कोणी असं नावानं म्हटलेलं त्यानं बऱ्याच वर्षांत ऐकलं नसेल. मग म्हणाला, एवढंच?

मी म्हटलं, एवढंच. तिले समजते.

नत्थू सकाळी बॅटरी घेऊन येतो. पुढचे दोन टायर नवीन टाकायला सांगितले आहेत. पुढच्या सीटवरची छत्री, बाटली आणि नकाशा काढून मागं ठेवला, सीट ओल्या फडक्यानं पुसली. तुळशीजवळचं नाणं धुऊन खिशात घातलं, पैनगंगेला लागेल. आरशाला हात लावला नाही.